करार दरवर्षी नव्याने का करायचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

ख्रिस्तात सप्रेम नमस्कार.

मेथडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती परंपरेत देवाला दिलेले वचन मंडळीसह दरवर्षी नव्याने उच्चारतात; त्या करार-नूतनीकरणाच्या उपासनेवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप तीन आहेत. बाप्तिस्म्याच्या वेळचे वचन एकदाच द्यायचे असते, ते दरवर्षी उच्चारले की नुसता विधी उरतो. देवाशी नाते ज्याचे त्याचे असते, त्यासाठी मंडळीत उभे राहण्याची गरज नाही. आणि ‘मला सोसायला लाव’ ही प्रार्थना आधीच अन्याय सोसणाऱ्याला गप्प बसवते. यांतला तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो.

पहिल्याबद्दल थोडक्यात लिहितो. देवाचा करार जुना होत नाही, हे आपल्याइतकेच मीही मानतो. ढिला पडतो तो आपल्या बाजूने. बायबलमध्ये शखेम येथे इस्राएलांचा पुढारी यहोशवा याने ज्या लोकांना ‘कोणाची सेवा करणार ते आज ठरवा’ असे सांगितले, ते काही परके नव्हते, कराराचेच लोक होते. विधी पोकळ होण्याची भीती मात्र खरी आहे, आणि मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनाही ती असावी असे त्यांच्या तयारीवरून वाटते. ऑगस्ट 1755 मध्ये लंडनच्या मंडळीपुढे त्यांनी हा विषय काढला, पुढे अनेक दिवस सकाळी कराराचा अर्थ समजावून सांगितला, शुक्रवारी अनेकांनी उपास केला, आणि मग 11 ऑगस्टच्या संध्याकाळी स्पिटलफील्ड्स येथील फ्रेंच चर्चमध्ये सुमारे 1,800 माणसे संमती दर्शवण्यासाठी उभी राहिली. ही तयारी गाळून नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी छापील कागद वाचून टाकला, तर आपला आक्षेप मी निमूटपणे मान्य करीन.

दुसऱ्या आक्षेपाशी मात्र मी सहमत होऊ शकत नाही. करारातील प्रार्थना ‘मी’ म्हणूनच करायची असते, आपले म्हणणे तिथपर्यंत बरोबर आहे. पण ते ‘मी’ शेजाऱ्याच्या कानावर पडते आणि त्यानंतर शेजारी त्याला बांधला जातो. मेथडिस्टांचे छोटे गट कसे सुरू झाले ते पाहा. 1742 साली ब्रिस्टलमध्ये सभागृहाचे कर्ज फेडायचे होते. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी असे ठरले, तेव्हा अनेकांना तेवढेही जमणार नाही अशी अडचण कोणीतरी मांडली. त्यावर फॉय नावाचे एक कॅप्टन म्हणाले की, सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या; ज्यांना जमणार नाही त्यांचे मी भरीन. पैसे गोळा करण्यासाठी घरोघरी जाताना कोण आजारी आहे, कोणाच्या घरात भांडण आहे, कोण दारूकडे वळला आहे, हे फॉय यांच्यासारख्या गटप्रमुखांना कळू लागले, आणि वसुलीच्या निमित्ताने सुरू झालेली ती फेरी हळूहळू आत्म्याची विचारपूस झाली. एकट्याने दिलेले वचन मोडले तर कोणाला कळतही नाही. इथे दर आठवड्याला दार वाजवणारा कोणीतरी असे.

आता तिसरा आक्षेप. लेखात मी जुन्या प्रार्थनेची ती ओळ काहीही स्पष्टीकरण न देता उद्धृत केली, ही माझी चूक झाली. ते शब्द वेस्लींचे नाहीत. त्यांनी ते रिचर्ड अ‍ॅलीन या प्युरिटन (इंग्लंडच्या चर्चमध्ये आणखी शुद्धीकरण हवे म्हणणाऱ्या पंथाच्या) पाळकाकडून घेतले. सद्सद्विवेकाशी तडजोड न केल्यामुळे 1662 साली अ‍ॅलीन यांचे पाळकपद गेले आणि पुढच्याच वर्षी हे शब्द असलेले त्यांचे पुस्तक निघाले. ज्याने स्वतः किंमत मोजली, तो स्वतःबद्दल हे बोलतो आहे. करार प्रथमपुरुषी असतो. तो दुसऱ्याच्या वतीने करता येत नाही, आणि दुसऱ्यावर लादता तर मुळीच येत नाही. मार खाणाऱ्या स्त्रीला कोणी ही ओळ ऐकवली तर तो कराराचा भंग आहे, असे मी स्पष्टपणे म्हणतो. वेस्लींनी गुलामांना सोसत राहा असे सांगितले नाही. मृत्यूच्या काही दिवस आधी, 24 फेब्रुवारी 1791 रोजी, त्यांनी ब्रिटिश संसदेत गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणारे विल्यम विल्बरफोर्स यांना पत्र लिहून गुलामगिरीविरुद्धचा लढा चालू ठेवण्यास सांगितले.

ब्रिटिश मेथडिस्टांनी 1999 च्या उपासना-पुस्तकात जुने शब्द ठेवून शेजारी नवे रूपही दिले. त्यात ‘माझ्यासाठी काम असेल तेव्हा आणि नसेल तेव्हा’ अशा आशयाची ओळ आहे. एका वर्षी याच ओळीवर माझ्या शेजारच्या गृहस्थांचा आवाज थांबला. त्यांची नोकरी जाऊन काही महिने झाले होते. हातातला कागद खाली आला, बाकीची मंडळी पुढे वाचत राहिली, आणि दोन-तीन ओळींनंतर ते पुन्हा आमच्यात सामील झाले. त्या आठवड्यात त्यांच्या गटातील दोघे त्यांच्या घरी गेले. काय बोलले ते मला ठाऊक नाही, पण पुढच्या रविवारी ते तिघे एकाच बाकावर बसले होते.

मूळ लेखात मी आज दुरुस्ती करतो आहे: जुन्या ओळीशेजारी नवे रूप देईन, आणि अत्याचार सोसणाऱ्याने ही ओळ स्वतःसाठी आज्ञा समजू नये, त्याने मदत मागावी, हे वाक्य त्या ओळीच्या आधी घालीन.