‘तीन हजार पाण्यात घातले’ म्हणणाऱ्या दर्यापूरकर भाऊंना

भाऊ,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून इथे जशीच्या तशी देतो:

“सर, तुमचा कूलरवरचा लेख वाचून आधी ताट्या बदलल्या, मग पंप, शेवटी मोटर. तीन हजारावर गेले. हवा होती तेवढीच. माय खोलीत तळमळते. संध्याकाळी सातपासून कूलर नुसता गुरगुरतो, रात्री दोननंतर आपोआप जोर धरतो. खिडक्या-दारं बंद ठेवतो, ताट्यांत गवतही दुप्पट भरलं. आता काय उरलं? तुम्ही बसल्या जागी लेख लिहायचे आणि आम्ही दुकानदाराचं घर भरायचं.”

शेवटचं वाक्य मला झोंबलं, पण ते खोटं नाही. त्या लेखात मी पहिलाच सल्ला ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंच्या गवत भरलेल्या जाळ्या, बदलण्याचा दिला होता. क्रम चुकला माझा. मी राहतो आर्वीला, विहिरीचं पाणी गोड, घर डीपीपासून (गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून) चौथ्या खांबावर. माझ्या घरचा कूलर ज्या क्रमाने बिघडतो त्याच क्रमाने मी लिहून मोकळा झालो. तुमचं गाव खारपाणपट्ट्यात आणि तुम्हीच खाली लिहिलंय की घर लाइनच्या शेवटच्या टोकाला आहे. तिथे क्रम उलटा लागतो.

तुमच्या प्रतिक्रियेतला सगळ्यात कामाचा शब्द आहे ‘दोननंतर’. फुंकलेली मोटर किंवा सडकी ताटी घड्याळ पाहून सुधरत नाही. कोणी म्हणेल, रात्री दोनला बाहेरचीच हवा निवते, म्हणून बरं वाटत असेल. पण तुम्ही गारव्याबद्दल नाही, जोराबद्दल लिहिलंय. आवाज बदलतो, गुरगुर थांबते. हे व्होल्टेजचं लक्षण आहे. संध्याकाळी सातला अख्ख्या गावाचे कूलर, टीव्ही, पाण्याच्या मोटरी एकदम लागतात आणि शेवटच्या खांबावर उरलंसुरलं येतं. नियमाने २३० व्होल्टच्या वर-खाली ६ टक्के, म्हणजे साधारण २१६ ते २४४ मिळायला पाहिजेत. टोकावरच्या घरात १७० सुद्धा दिसतात. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. १७० वर तो निम्म्याच्या जरासा वर राहतो, ५५ टक्क्यांच्या आसपास. मोटर नवी असो की जुनी, गुरगुरणारच. वर तापते ती वेगळीच, आणि असेच दोन उन्हाळे गेले तर नवीही जळेल.

पूर्वी हे सांगायला मीटर लागत नव्हतं. पिवळा बल्ब मिणमिणला की आजी म्हणायची, “आज लाइटीत दम नाही.” आताचा एलईडी १७० वरही तेवढाच लख्ख जळतो, त्यामुळे घरात कोणाला पत्ताच लागत नाही.

तर आता एकही सुटा भाग न घेता, काहीशे रुपयांचं, प्लगमध्ये खोचायचं व्होल्टमीटर आणून (किंवा कोणाचं मागून) एवढं करा. रात्री आठला कूलर बंद असताना व्होल्टेजचा आकडा लिहा. मग कूलर पूर्ण जोरात लावून, त्याच बोर्डावर, पुन्हा लिहा. लगेच शेजाऱ्याकडे जाऊन तिथलाही आकडा घ्या. बंद असताना २०५ आणि चालू केल्यावर एकदम १७५, असं दिसलं तर दोष गावच्या लाइनचा नाही, खांबापासून तुमच्या बोर्डापर्यंतच्या तारेचा आहे. कूलर जेमतेम एक अँपिअर ओढतो. तेवढ्याने दोन-चार व्होल्ट पडावेत, तीस नाही. तीस पडले म्हणजे मधे कुठेतरी सांधा ढिला आहे, नाहीतर सपरीतून (पडवीतून) ओढलेली एखादी बारीक एक्सटेन्शन वायर तुटत आलीय. अर्ध्या तासाने प्लग काढून हात लावून पाहा, गरम लागला की समजा चोर सापडला.

हे मी अक्कल शिकवायला सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः चांगली मोटर उचलून वाइंडिंगवाल्याकडे टाकली, पैसे मोजून आणली, हवा तेवढीच. निघालं काय, तर बोर्डातला न्यूट्रलचा एक स्क्रू अर्धा फेरा ढिला. बायको अजून पाहुण्यांना सांगते.

बंद असतानाही १७०, शेजाऱ्याकडेही १७०, तर मात्र लाइन. तीन-चार दिवसांच्या वेळा आणि आकडे लिहून गावातल्या चार-पाच घरांनी मिळून लेखी तक्रार द्या. एकट्याच्या तोंडी तक्रारीला कोणी विचारत नाही. तोवर १४० व्होल्टपासून उचलणारा ५०० व्हीएचा स्टॅबिलायझर कूलरपुरता चालून जातो. एक सांगून ठेवतो: तो लाइनमधून जास्त करंट ओढूनच व्होल्टेज चढवतो. गल्लीत सगळ्यांनी लावले की लाइन आणखी बसते.

आता तुमचं दुप्पट गवत. भाऊ, ते आजच काढा. ताटी म्हणजे उशी नाही, तिच्यातून हवा जायला पाहिजे. आधीच दमलेल्या पंख्यासमोर तुम्ही भिंत उभी केली. खात्री करायची तर कूलर बंद, प्लग बाहेर, मग मागची एक ताटी काढून बाजूला ठेवा, लांब उभं राहून फक्त पंखा लावा. हवा एकदम वाढली तर ताटी कोंडली होती. काहीच फरक नाही तर पुन्हा व्होल्टेज, नाहीतर कंडेन्सर (मोटरीला जोर देणारी, तिला जोडलेली छोटी डबी). मोटर बदलताना जुनाच कंडेन्सर जोडला का, तेही विचारा. पुष्कळदा तसंच करतात. मोटरीवर लिहिलाय तेवढ्याच एमएफडीचा (मायक्रोफॅरड, कंडेन्सरचं माप) पाहिजे, ‘जरा मोठा टाकू’ नको.

खाऱ्या पाण्याचं वेगळं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. रोज वरून पाणी टाकत राहिलात की टाकीतलं पाणी दिवसेंदिवस जास्त खारट होतं आणि ताटीवर पांढरी खपली धरते. गवत पापडासारखं कडक होतं, ना पाणी धरत ना हवा सोडत. दर दोन-तीन दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करा. ते पाणी झाडांना घालू नका. वरच्या नळीची छिद्रं सुईने मोकळी करा. एक छिद्र बुजलं की खाली ताटीवर कोरडा पट्टा पडतो आणि हवा नेमकी तिथूनच, गरमच्या गरम, आत शिरते.

आणि बंद खिडक्या. इथे तर सगळं वऱ्हाड चुकतं. एसीची सवय आपण कूलरला लावली. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, तिला जायला वाट नसेल तर खोली फुग्यासारखी भरते आणि पंखा जागच्या जागी घुसळतो. वरून दमट होतं ते वेगळंच, मग मायच्या अंगाचा घाम वाळत नाही. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी वीतभर उघडा आणि फटीत दोरा धरा. दोरा बाहेर उडाला पाहिजे. सपरीला चहूकडून ताडपत्री लावली असेल तर एक बाजू सोडा, कूलरलाही श्वास लागतो.

एवढं करूनही किती गार होईल? बाहेर ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असली तर ओल्या कापडाचा पारा, म्हणजे थर्मामीटरला ओलं कापड गुंडाळल्यावर दिसणारं तापमान, २४ च्या जवळ येतो. चांगली भिजलेली ताटी ४५ आणि २४ मधल्या अंतराचे सुमारे ८० टक्के कापते, म्हणजे २८-२९ अंशांची हवा हाती लागते. जूनमध्ये ढग आले, ३८ अंश आणि ५० टक्के झाले की तोच कूलर ३१ च्या खाली उतरत नाही. तेव्हा मला शिव्या देऊ नका, तो कूलरचा दोष नाही.

माझा भाचा कॅनडात असतो. गाडीमागे ओढायच्या घरात हिंडायची त्याला हौस. मागच्या हिवाळ्यात त्याची उलटी तक्रार: गॅसची भट्टी ऊब देत नाही, झरोक्यातून हवा फुसफुस येते. तोही सुटे भाग मागवायला निघाला होता. बारा व्होल्टची बॅटरी उतरली होती. पंखा मंद, म्हणून आतली हवेची पट्टी हलेना, आणि ती हलल्याशिवाय बर्नर पेटतच नाही. बॅटरी चार्ज केल्यावर भट्टी चालली. पलंगाखाली एक हवेची नळी सामानाने चेपली होती, ती सरळ केली. एक रुपयाचा भाग लागला नाही. मी तेव्हा त्याला हसलो होतो आणि तुम्हाला मात्र ताट्या घ्यायला लावल्या.

एक गोष्ट मात्र आजच, बाकी सगळं उद्या. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. खारं पाणी करंट जास्त सहज वाहून नेतं आणि दर उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरला चिकटून माणसं जातात. पाणी भरताना प्लग बाहेर, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मायलाही हे सांगून ठेवा.

रात्रीचे ते तीन आकडे इथेच खाली टाका. जुनी मोटर भंगारात दिली नसेल तर देऊ नका, बहुतेक ती चांगलीच आहे.