अमेरिकेत पिकअप महाग झाल्या त्या ‘बाजाराने ग्राहकाचं ऐकलं’ म्हणून?

अमेरिकेतल्या पिकअप गाड्यांबद्दल एक मजकूर व्हॉट्सॲपवर बराच फिरतोय. ज्यांच्यापर्यंत आला नसेल त्यांच्यासाठी गोषवारा असा: अमेरिकन माणूस कष्टाळू, आपली कामं आपण करणारा, म्हणून त्याला दणकट गाडी लागते. पेट्रोल स्वस्त, रस्ते रुंद. छोट्या पिकअप कोणी घेईना, म्हणून त्या बंद पडल्या. किमती वाढल्या त्या महागाईने आणि सुरक्षेच्या नियमांनी. सरकारने कुठे नाक खुपसलं नाही, ग्राहकाने मागितलं ते बाजाराने दिलं. आणि जाता जाता आपल्याला टोमणा: ‘आपण मात्र गाडीची लांबी मोजून कर लावत बसलोय.’

यातली एक-दोन वाक्यं अर्धी खरी आहेत, ती जिथल्या तिथे मान्य करतो. पण सुरुवात शेवटाकडून करतो, कारण सगळ्यात मोठी थाप तिथेच आहे.

‘सरकारने नाक खुपसलं नाही.’

अमेरिकेत बाहेरून येणाऱ्या पिकअपवर १९६४ पासून २५ टक्के आयात शुल्क आहे. साध्या मोटारीवर ते कित्येक दशकं अडीच टक्के होतं. पिकअपवर एवढा राग कशासाठी? तर कोंबडीसाठी. साठच्या दशकाच्या सुरुवातीला स्वस्त अमेरिकन कोंबडीने युरोपची बाजारपेठ भरून टाकली, तेव्हा फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने तिच्यावर शुल्क चढवलं. उट्टं काढायला डिसेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी चार वस्तूंवर २५ टक्के लावले: बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक (पिकअप त्यातच येतात). ट्रकचा नेम फोक्सवॅगनवर होता. पुढे बाकीच्या तिन्ही वस्तू सुटल्या. ट्रकवरचं शुल्क मात्र साठ वर्षं उलटली तरी उठलेलं नाही. तिकडे त्याला आजही ‘चिकन टॅक्स’च म्हणतात.

ते चुकवायला कंपन्यांनी काय काय केलं ते बघण्यासारखं आहे. जपानी कंपन्या हौद्याशिवायची (मागच्या माल ठेवायच्या उघड्या भागाशिवायची) पिकअप आणत, म्हणजे नुसती चासी आणि केबिन, कारण त्यावर ४ टक्केच लागत. हौदा अमेरिकेत उतरल्यावर बसवायचा. ही पळवाट १९८० मध्ये बुजवली. सुबारूने ‘ब्रॅट’ नावाच्या गाडीच्या उघड्या हौद्यात प्लास्टिकच्या दोन खुर्च्या बसवल्या आणि सांगितलं, ही प्रवासी गाडी आहे. (रोनाल्ड रेगन यांच्या कॅलिफोर्नियातल्या रँचवर अशी एक ब्रॅट होती.)

यावर कडी केली ती खुद्द फोर्डने. ट्रान्झिट कनेक्ट ही त्यांची मालवाहू व्हॅन तुर्कस्तानात बनायची. जहाजात चढताना तिला मागच्या सीटा असत, पट्टे असत, काचा असत. म्हणजे कागदावर प्रवासी गाडी. बाल्टिमोरच्या बंदरापाशी उतरली की माणसं मागच्या नव्या कोऱ्या सीटा उपटून काढत, खिडक्यांच्या जागी पत्रा बसवत आणि गाडी मालवाहू म्हणून विक्रीला जाई. काढलेल्या सीटांचा भुगा करून टाकत. कस्टम खात्याने हे पकडलं, खटला वर्षानुवर्षं चालला आणि २०२४ मध्ये फोर्डने ३६.५ कोटी डॉलर भरून तो मिटवला. ज्या शुल्काच्या भिंतीआड आपली पिकअप सुखाने विकायची, त्याच भिंतीला आपल्या व्हॅनसाठी भोक पाडायचं, असा हा व्यवहार.

आपल्या महिंद्रानेही २०१० च्या आसपास डिझेल पिकअप अमेरिकेत नेण्याचा घाट घातला होता. शुल्क वाचवायला सुटे भाग नेऊन तिकडेच जोडणी करायची, असा बेत होता. डीलर नेमून झाले, मग वितरकाशी कोर्टकज्जे सुरू झाले आणि पिकअप शोरूमपर्यंत पोचलीच नाही. त्या फसलेल्या बेतामागे शुल्क हे एकटं कारण नव्हतं, पण एवढी वाकडी वाट धरावी लागली ती शुल्कामुळेच.

यावर कोणी म्हणेल, टोयोटा आणि निसानच्या पिकअप तर अमेरिकेत सर्रास दिसतात. दिसतात, कारण त्या तिथे किंवा मेक्सिकोत बनतात. निसानच्या टेनेसीतल्या कारखान्यातून १९८३ मध्ये पहिली बाहेर पडली ती पिकअपच होती. पण अख्खा कारखाना उभारायचा म्हटल्यावर कंपनी चार पैसे सुटतील अशीच गाडी काढणार. टोयोटाने २०२३ च्या अखेरीस थायलंडमध्ये ‘हायलक्स चँप’ आणली, किंमत ४ लाख ५९ हजार बाथपासून, म्हणजे तेव्हाचे तेरा हजार डॉलर. तशी गाडी अमेरिकेच्या शोरूममध्ये शोधून सापडणार नाही.

‘पेट्रोल स्वस्त, म्हणून मोठ्या गाड्या.’

हे अर्धं खरं. २००८ मध्ये पेट्रोल गॅलनला ४ डॉलरवर गेलं, तेव्हा मे महिन्यात होंडा सिव्हिक या मोटारीने फोर्डच्या एफ मालिकेतल्या पिकअपना खपात मागे टाकलं होतं. पण वर्षाचा हिशेब झाला तेव्हा एफ मालिकाच वर होती. तेव्हा नुसत्या पेट्रोलच्या भावाने कोडं सुटत नाही. नियमांकडे बघावं लागतं.

तेलटंचाईनंतर १९७५ मध्ये अमेरिकेने इंधन-बचतीचा कायदा केला. मोटारींना १९८५ पर्यंत सरासरी गॅलनला साडेसत्तावीस मैल गाठायचे होते, आपल्या भाषेत लिटरला पावणेबारा किलोमीटर. ‘हलके ट्रक’ हा वर्ग, ज्यात पिकअप आणि एसयूव्ही येतात, वेगळा ठेवला. त्यांचं लक्ष्य दोन हजार सालानंतरही वीस-एकवीस मैलांपाशीच घुटमळत होतं. तर्क सरळ होता: शेतकरी, सुतार, प्लंबर यांच्या पोटावर पाय नको. मग पेट्रोल पिणाऱ्या मोटारींवर १९७८ च्या कायद्याने खास कर आला, तो ट्रकला नाही. १९९१ पासून ३० हजार डॉलरच्या वरच्या मोटारींवर चैनीचा कर लागला, त्यातून ६,००० पौंडांवरचे ट्रक सुटले. २००३ मध्ये धंद्यासाठी घेतलेल्या अवजड गाडीची एक लाख डॉलरपर्यंतची किंमत पहिल्याच वर्षी खर्चात दाखवायची मुभा मिळाली. डॉक्टर-वकीलही अवाढव्य एसयूव्ही घेऊ लागले, ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी एसयूव्हीला २५ हजारांची मर्यादा घातली. पण ज्या पिकअपचा हौदा ६ फुटांचा किंवा त्याहून लांब आहे, तिला ती मर्यादा लागू नाही!

२०११ च्या मॉडेलांपासून तर सगळ्याच गाड्यांचं इंधन-लक्ष्य चार चाकांमधल्या क्षेत्रफळावरून ठरतं. क्षेत्रफळ जितकं जास्त, तितकं लक्ष्य सोपं. गाडी लहान करून कंपनीच्या पदरात काय पडणार?

तिकडच्या कुठल्याही नव्या पिकअपचं चालकाकडचं दार उघडा. खांबावर एक पांढरं स्टिकर असतं, त्यावर माल भरलेल्या गाडीचं कमाल वजन छापलेलं असतं. मोठ्या पिकअपवर हा आकडा साधारण सात हजार पौंडांच्या आसपास दिसतो. वर सांगितलेल्यापैकी निम्म्या सवलती त्या एका आकड्यावर ठरल्या. फोर्डच्या एफ-१५० या पिकअपचा जन्मही त्यातूनच झाला. १९७५ मध्ये ६,००० पौंडांखालच्या गाड्यांना प्रदूषणाचे नवे नियम आले, म्हणजे धूर कमी विषारी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसंविरहित पेट्रोल. फोर्डने एफ-१०० च्या जरा वर, त्या मर्यादेपलीकडे बसेल अशी नवी गाडी काढली. तीच पुढे अमेरिकेची सर्वाधिक खपाची झाली.

आपल्याकडे ४ मीटरच्या आतल्या गाडीला सवलत मिळाली, तेव्हा टाटांनी इंडिगोचं बूड छाटून इंडिगो सीएस काढली होती, आणि आपण सगळे तिला हसलो होतो. टोमणा मारणाऱ्याने एफ-१५० लाही तसंच हसायला हवं.

‘छोट्या पिकअप कोणी घेईना.’

फोर्डची छोटी रेंजर अमेरिकेत २०११ मध्ये बंद झाली. पण शेवटची कित्येक वर्षं कंपनीने तिच्यावर फारसा खर्चच केला नव्हता. नव्वदच्या दशकातला सांगाडा २०११ मध्ये विकायला ठेवायचा आणि खप घटला की ‘ग्राहकाला नकोय’ म्हणायचं! डॉजची डकोटाही त्याच वर्षी गेली. २०१९ मध्ये रेंजर परत आली ती चांगली अंगाने भरून.

खरी परीक्षा २०२१ मध्ये झाली. फोर्डने मेक्सिकोत बनवलेली छोटी मॅव्हरिक आणली, हायब्रिड इंजिनासह, किंमत १९,९९५ डॉलर. जानेवारी २०२२ मध्ये हायब्रिडची नोंदणी थांबवावी लागली, इतक्या ऑर्डरी आल्या. मग किंमत चढत गेली आणि २०२५ च्या मॉडेलपर्यंत २६ हजारांच्या वर पोचली. हेही सांगितलं पाहिजे की २०२४ मध्ये मॅव्हरिक सव्वा लाखाहून जास्त खपल्या आणि एफ मालिका सात लाखांहून जास्त. मोठीची ओढ खोटी नाही. छोटीला गिऱ्हाईकच नाही, हे मात्र धादांत खोटं.

‘कष्टकऱ्याची गाडी.’

काहींची आहेच. घराची छपरं घालणारे, कुंपणं ठोकणारे, घोड्यांचा ट्रेलर ओढणारे लोक पिकअपशिवाय काम करू शकत नाहीत. पण स्ट्रॅटेजिक व्हिजन या संस्थेने केलेल्या ग्राहक-पाहणीत असं दिसलं की सुमारे ७५ टक्के पिकअपवाले वर्षातून फार तर एकदा काही ओढतात आणि ३५ टक्के हौद्याचाही वापर वर्षातून फार तर एकदा करतात. गाडीकडे बघूनही ते कळतं. पूर्वी एकच बाकडं आणि ८ फुटी हौदा असे, त्यात प्लायवुडची अख्खी शीट आडवी बसे. आज सगळीकडे दिसते ती चार दारांची, साडेपाच फुटी हौद्याची. तीच शीट फळका उघडून बाहेर लोंबत न्यावी लागते. आणि फोर्डच्या ‘किंग रँच’ आवृत्तीत घोड्याच्या खोगिरासारखं दिसणारं चामडं सीटवर चढवलेलं असतं. सिमेंटची पोती उचलून आलेला माणूस त्यावर टेकेल का?

‘महागाई आणि सुरक्षेचे नियम.’

अमेरिकेतला सर्वसाधारण महागाई निर्देशांक १९९० पासून २०२४ पर्यंत सुमारे २.४ पट झाला. तो धरूनही आजचा पूर्ण आकाराच्या पिकअपचा सरासरी व्यवहार ६० हजार डॉलरच्या वर जातो, याचा हिशेब लागत नाही: त्या पटीने १९९० मध्ये ती सरासरी २५ हजारांच्या वर असायला हवी होती, आणि ती तशी नव्हती. राहिली सुरक्षा. एअरबॅग, घसरण रोखणारी यंत्रणा, मागचा कॅमेरा हे सगळं टोयोटा कोरोलातही सक्तीचं आहे, आणि २०२५ ची कोरोला बावीस-तेवीस हजारांपासून मिळत होती. फरक पडतो तो चामड्याचा, पडद्यांचा, काचेच्या छपराचा. एफ-१५० च्याच घराण्यात कामकरी एक्सएल चाळीस हजार डॉलरच्या आसपास सुरू होते आणि रॅप्टर आर लाखाच्या पुढे जाते. ते परवडतं कसं? हप्ते लांबवून. सहा वर्षांचं कर्ज नेहमीचं झालंय, सात वर्षांचंही आता नवलाईचं राहिलेलं नाही.

शिवाय सुरक्षा कोणाची? ज्या गाड्यांचं बॉनेट ४० इंचांहून उंच, त्यांची धडक बुटक्या, उतरत्या नाकाच्या गाडीपेक्षा पादचाऱ्याला सुमारे ४५ टक्के अधिक जीवघेणी ठरते, असं तिथल्या विमा कंपन्यांच्याच महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये दाखवलं.

मजकुरातली एक गोष्ट मी खोडत नाही: लोकांना या गाड्या मनापासून आवडतात. २००१ च्या मॉडेलात चार पूर्ण दारांची एफ-१५० आली, २००९ च्या मॉडेलात डॉज रॅम या पिकअपने मागे पाट्यांच्या स्प्रिंगऐवजी कॉइल स्प्रिंग दिले आणि पिकअप खड्ड्यांत मोटारीसारखी चालू लागली. मागे तीन मोठी माणसं पाय पसरून बसतात, मुलांच्या सायकली हौद्यात जातात. फोर्डने २०१८ मध्ये मस्टँग सोडून जवळपास सगळ्या मोटारी अमेरिकेत बंद करायचं जाहीर केलं. म्हणजे आज फोर्डच्याच डीलरकडे घरच्यांसाठी गाडी बघायला गेलेल्या माणसासमोर बहुतेक एसयूव्ही नाहीतर पिकअपच उभी असते.