सायकलवाल्याची चूक किती, गाडीवाल्याची किती?

आमच्याकडे अपघात झाला की पानठेल्यावर अर्ध्या तासात निकाल लागतो. "काकाजीच्या सायकलले लाईटच नोता ना." नाहीतर, "पोरी तिघी-तिघी जोडीनं चालल्या होत्या." झालं. गाडी किती जोरात होती, हे कोणी विचारत नाही.

सायकलवाल्यांच्या चुका मला झाकायच्या नाहीत. वर्धा जिल्ह्यातल्या जाम-हिंगणघाटच्या चौपदरी हायवेवर दुभाजकाचा कट लांब पडतो म्हणून रॉंग साइडने सायकल दामटणारे आहेतच. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याने काय करावं? कॅरिअरवर कुटाराचं (जनावरांच्या भुश्याचं) पोतं असं बांधतात की मडगार्डवरचा लाल रिफ्लेक्टर असला तरी झाकला जातो. चमकणारी लाल पट्टी काही महाग नसते, पोत्याच्या खाली दिसेल अशी मडगार्डच्या टोकाला चिकटवा. यात सबब चालणार नाही.

पण दोघांची जबाबदारी सारखी, हे मला पटत नाही. वेग ४० चा ८० केला तर ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला दुप्पट नाही, चौपट अंतर लागतं. सायकलवाला चुकला तर तोच मरतो, आणि गाडीवाला चुकला तरी बहुतेक वेळा सायकलवालाच मरतो. लायसन आणि विमा गाडीवाल्याला लागतो, सायकलवाल्याला नाही, तो काय उगाच?

आणि ते "साइडला घे ना बे!" कुठं घेऊ, भाऊ? गावचा रस्ता सिमेंटचा झाला, पण साइडपट्टीवर मुरूम पडलाच नाही. कडेला वीतभर खोल खाच. पावसाळ्यात खाली काळी माती, चाक रुतलं की माणूस हँडलवरून खाली. उन्हाळ्यात त्याच मातीला भेगा, सायकलचं टायर आरामात अडकेल एवढ्या. मागून हॉर्न वाजला की आठवीतली पोरगी दप्तरासकट तिथं उतरेल, ही अपेक्षा करणाऱ्याने एकदा स्वतः सायकल घेऊन उतरून पाहावं. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या पोरींना सायकली दिल्या, फार चांगलं काम. त्या चालवायच्या कुठून, ते कोणी पाहिलं नाही.

गंमत अशी की कापसाच्या सीझनमध्ये रस्ताभर फुगलेल्या ट्रॉल्या मागचा लाईट नसताना बिनधास्त चालतात. "लाईट नोता" हा गुन्हा तेव्हा कोणाला आठवत नाही. सायकल बिचारी गरिबाची, तिच्यावर बोलणं सोपं.

हा पानठेल्यावरचा निकाल कधीकधी पंचनाम्यातही उतरतो, आणि मग महागात पडतो. मोटार अपघात न्यायाधिकरणात मृताचीही चूक ठरली तर तेवढ्या हिश्श्याने भरपाई कापली जाते. म्हणून साक्ष देताना ऐकीव सांगू नका. रस्त्यावर ब्रेकचे व्रण होते का, साइडपट्टी कशी होती, समोरच्याचा अप्पर (डोळे दिपवणारा वरचा लाईट) चालू होता का, जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा.

गाडी ठोकून पळाली आणि सापडलीच नाही, तरी सरकारी भरपाई मिळते. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. आधी मृत्यूला २५ हजारच होते. अर्ज तालुक्याला महसूल अधिकाऱ्याकडे करायचा. गावात विचारा, किती जणांना ठाऊक आहे ते.

येत्या ग्रामसभेत मी साइडपट्टीच्या मुरमाचा विषय मांडणार आहे. तुमच्या रस्त्याच्या कडेचे फोटो कमेंटमध्ये टाका, बाजूला चप्पल ठेवून काढा म्हणजे खाच किती खोल ते दिसेल.