अ‍ॅटलींच्या नावावर फिरणारी कबुली आणि अ‍ॅटलींनी स्वतः काय म्हटले होते

स्वातंत्र्यदिन किंवा गांधीजींची पुण्यतिथी जवळ आली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा आहे. भारताला स्वातंत्र्य देणारे ब्रिटिश पंतप्रधान क्लेमंट अ‍ॅटली १९५६ साली कोलकात्याच्या राजभवनात मुक्कामाला होते. त्या वेळी पश्चिम बंगालचे हंगामी राज्यपाल असलेले न्यायमूर्ती फणिभूषण चक्रवर्ती यांनी त्यांना इंग्रज भारत सोडून का गेले असे विचारले. आझाद हिंद सेना आणि १९४६ सालचा मुंबईतील नौदलाचा उठाव यांमुळे हिंदी सैन्याच्या निष्ठेवरचा आमचा भरवसा उडाला, असे कारण अ‍ॅटलींनी दिले, आणि या निर्णयावर गांधींचा कितपत प्रभाव होता असे विचारताच उपहासाने ओठ मुडपत ‘अत्यल्प’ असे उत्तर दिले. यावरून गांधी आणि काँग्रेस यांचा स्वातंत्र्याशी फारसा संबंध नव्हता आणि खुद्द इंग्रजांच्या पंतप्रधानानेच त्याची कबुली दिली आहे, असा निष्कर्ष काढला जातो.

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या मनात नेताजींविषयी निखळ आदर असतो. तो आदर माझ्याही मनात आहे. मात्र सुभाषबाबूंचे किंवा मुंबईच्या नाविकांचे मोठेपण सिद्ध करण्यासाठी या दाव्याची काहीही गरज नाही, आणि त्यासाठी अ‍ॅटलींचे सगळे सार्वजनिक आयुष्य पुसून टाकावे लागत असेल, तर ते इतिहासाशी बेइमानीचे आहे.

किरकोळ चुका आधी बाजूला काढतो. १९५६ साली अ‍ॅटली पंतप्रधान नव्हते. १९५१ च्या निवडणुकीत त्यांचे सरकार गेले होते, आणि डिसेंबर १९५५ मध्ये मजूर पक्षाचे नेतृत्व सोडून ते उमरावांच्या सभागृहात गेले होते. मजकुराच्या काही आवृत्त्यांत ही कबुली त्यांनी पार्लमेंटमध्ये दिल्याचे म्हटले जाते, पण राजभवनातील हे संभाषण सर्वस्वी खाजगी होते.

आता पुराव्याकडे वळू. या संभाषणाचा जो मजकूर सर्वत्र उद्धृत केला जातो, तो न्यायमूर्ती चक्रवर्ती यांनी १९७६ साली लिहिलेल्या एका पत्रातला आहे. म्हणजे प्रसंग घडल्यानंतर वीस वर्षांनी तो लिहिला गेला, आणि तोवर अ‍ॅटलींचे निधन होऊनही आठ वर्षांहून अधिक काळ लोटला होता, कारण ते ऑक्टोबर १९६७ मध्ये वारले. न्यायमूर्ती खोटे बोलत होते असे मी मुळीच म्हणत नाही. ते कलकत्ता उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते आणि त्यांच्या सचोटीवर शंका घेण्याचे कारण नाही. तथापि एकाच व्यक्तीने दोन दशकांनंतर स्मरणातून सांगितलेले, आणि ज्याच्या तोंडी ते घातले आहे त्याला होकार वा नकार देण्याची संधीच न मिळालेले विधान, हे त्या माणसाने जाहीरपणे, तारखेनिशी आणि सभागृहात नोंदले जाईल अशा रीतीने केलेल्या विधानांपेक्षा वरचढ ठरू शकत नाही.

आणि अशी विधाने उपलब्ध आहेत, हे या मजकुरात कधीच सांगितले जात नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली, त्याच रात्री पंतप्रधान या नात्याने अ‍ॅटलींनी ब्रिटिश जनतेला उद्देशून रेडिओवर भाषण केले. गेली पाव शतक हिंदुस्थानच्या प्रश्नाचा जेव्हा जेव्हा विचार झाला, तेव्हा त्यात हा एकच माणूस सर्वांत महत्त्वाचा घटक राहिला, आणि भारतीय जनतेच्या स्वातंत्र्याच्या आकांक्षेला त्याच्या रूपाने वाचा मिळाली, अशा आशयाचे उद्गार त्यांनी त्या भाषणात काढले. श्रद्धांजलीत थोडी अतिशयोक्ती होतेच, असे कुणी म्हणेल. ते मान्य केले तरी ‘अत्यल्प’ आणि ‘सर्वांत महत्त्वाचा’ यांच्यातले अंतर शिष्टाचाराने भरून निघण्यासारखे नाही. शिवाय अ‍ॅटली हे फुलवून बोलणारे गृहस्थ नव्हते. मोजके आणि कोरडे बोलणे हीच त्यांची ख्याती होती.

दुसरे भाषण याहून महत्त्वाचे आहे, कारण ते निर्णयाच्या ऐन काळातले आहे. १५ मार्च १९४६ रोजी, मुंबईतील नाविकांचा उठाव शमून तीन आठवडेही झाले नसताना, अ‍ॅटली कॉमन्स सभागृहात भारताविषयी बोलले. १९२०, १९३० किंवा अगदी १९४२ सालचे तापमानही आज राहिलेले नाही, असे त्यांनी सांगितले. राष्ट्रीयत्वाची भावना आता सर्व थरांत पोहोचली आहे, आणि महायुद्धात उत्तम कामगिरी केलेल्या सैनिकांतही ती कदाचित कमी नाही, असेही ते म्हणाले. म्हणजे सैन्याचा उल्लेख अ‍ॅटलींनी खरोखरच केला होता, आणि तो महत्त्वाचाही आहे. पण त्यांच्या मांडणीत सैनिकांची अस्वस्थता हा देशभर पसरलेल्या राष्ट्रीय भावनेचाच एक भाग आहे. ती भावना खेड्यापाड्यांत नेण्याचे काम १९२० पासून कोणी केले, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. वर दिलेल्या तीन सालांकडेच पाहावे. असहकार, सविनय कायदेभंग आणि ‘चले जाव’ या तिन्ही चळवळी गांधींच्या होत्या, आणि तापमान मोजायला अ‍ॅटलींनी नेमकी हीच वर्षे घेतली.

नाविकांनी बंड केले म्हणून घाबरून सत्तांतराची बोलणी करायला ब्रिटिश मंत्र्यांचे शिष्टमंडळ भारतात आले, हा दाव्याचा पुढचा भाग. इथे तारखाच निर्णायक आहेत. कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदल प्रशिक्षण केंद्रातील नाविकांनी निकृष्ट अन्न आणि वर्णद्वेषी वागणूक यांविरुद्ध १८ फेब्रुवारी १९४६ रोजी संप पुकारला. दुसऱ्याच दिवशी, १९ फेब्रुवारीला, लंडनमध्ये या तीन मंत्र्यांच्या (त्रिमंत्री) शिष्टमंडळाची घोषणा झाली. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की पहिलीमुळे दुसरी घडली असे सहज वाटते. प्रत्यक्षात शिष्टमंडळ पाठवण्याचा निर्णय ब्रिटिश मंत्रिमंडळाने २२ जानेवारीलाच, म्हणजे उठावाच्या जवळजवळ चार आठवडे आधी घेतला होता. नाविकांच्या बाजूने रस्त्यावर उतरलेल्या मुंबईच्या गिरणी कामगारांनी गोळ्या झेलल्या आणि दोनशेहून अधिक माणसे मारली गेली. त्या बलिदानाची किंमत या तारखांनी तसूभरही कमी होत नाही. आझाद हिंद सेनेच्या लाल किल्ल्यातील खटल्याने जो लोकक्षोभ उसळला, त्यापुढे सरकारला शाहनवाज, सहगल आणि धिल्लन या सेनेच्या अधिकाऱ्यांची जन्मठेप माफ करावी लागली, हेही खरे आहे. हे सैन्य यापुढे हुकमी राहणार नाही, ही जाणीव राज्यकर्त्यांना झाली होती. पण सत्ता सोडण्याचा विचार त्या जाणिवेतून जन्माला आला, असे मात्र कागदपत्रे सांगत नाहीत.

तो विचार अ‍ॅटलींच्या बाबतीत बराच जुना होता. १९२८ साली बहिष्काराच्या काळ्या निशाणांमध्ये मुंबई बंदरात उतरलेल्या सायमन कमिशनचे ते सदस्य होते. पुण्यात डॉ. आंबेडकरांची साक्ष झाली, तेव्हा प्रश्न विचारणाऱ्यांत मेजर अ‍ॅटलीही होते. भारताच्या राज्यकारभारासाठी केलेल्या १९३५ च्या कायद्यात वसाहतीच्या स्वराज्याचा साधा उल्लेखही नाही, म्हणून त्यांनी पार्लमेंटमध्ये त्यावर टीका केली. १९३८ च्या जूनमध्ये मजूर पक्षाचे स्टॅफर्ड क्रिप्स यांच्या इंग्लंडमधील फिल्किन्स येथील घरी नेहरू आणि मजूर पक्षाचे नेते भेटले आणि पुढचे मजूर सरकार भारताला सत्ता कशी सोपवील याची चर्चा झाली. त्या बैठकीला अ‍ॅटली हजर होते. २ फेब्रुवारी १९४२ रोजी युद्ध मंत्रिमंडळापुढे ठेवलेल्या टिपणात त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या धोरणावर कडक टीका केली, आणि लॉर्ड डरहॅमने एकोणिसाव्या शतकात कॅनडाला जबाबदार स्वराज्य देण्याची शिफारस करून जे काम केले, तसे काम करणारा माणूस भारतात पाठवावा, अशी मागणी केली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत युद्धोत्तर स्वराज्याचा प्रस्ताव घेऊन क्रिप्स दिल्लीत होते. त्या वेळी नाविकांचा उठाव चार वर्षे दूर होता, आणि आझाद हिंद सेनेचे नेतृत्व सुभाषबाबूंकडे यायला अजून वर्षाहून अधिक अवकाश होता. १९४५ च्या जुलैमध्ये ३९३ जागा जिंकून सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाच्या जाहीरनाम्यातही भारताच्या जबाबदार स्वराज्याचे आश्वासन होते.

चक्रवर्तींचे पत्र जसेच्या तसे खरे मानले, तरीही आणखी एक गोष्ट उरते. त्यांचा मूळ प्रश्न घाईबद्दलचा होता. ‘चले जाव’ चळवळ केव्हाच ओसरली होती, १९४७ मध्ये तसे नवे संकट उभे नव्हते, मग तुम्हाला इतक्या तातडीने का जावे लागले, असे त्यांनी विचारले होते. निघण्याची तातडी कशामुळे आली आणि निघण्याची वेळच कशामुळे आली, हे दोन प्रश्न अगदी भिन्न आहेत. तातडीच्या कारणांत सैन्याची अवस्था नक्कीच होती. पण युद्धाने रिकामी झालेली तिजोरी, अमेरिकेकडून घ्यावे लागलेले ३७५ कोटी डॉलरचे कर्ज, घरी परतायला आतुर झालेले ब्रिटिश सैनिक आणि ऑगस्ट १९४६ पासून पेटलेल्या दंगली हीही कारणे होती. फिरणाऱ्या मजकुरात यांपैकी एकही येत नाही.

मी अ‍ॅटलींना संत ठरवायला बसलेलो नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये चर्चिल परदेश दौऱ्यावर असताना युद्ध मंत्रिमंडळाचे अध्यक्षपद अ‍ॅटलींकडे होते, आणि गांधींसह काँग्रेसच्या नेत्यांना स्थानबद्ध करण्यास याच मंत्रिमंडळाने संमती दिली. ९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईच्या बिर्ला हाउसमधून गांधीजींना अटक झाली, आणि मे १९४४ पर्यंत ते पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत राहिले. कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांचे देहान्त त्याच कैदेत झाले. ज्याचा प्रभाव नगण्य आहे, अशा वृद्ध माणसासाठी ऐन महायुद्धात एवढा बंदोबस्त करण्याची गरज अ‍ॅटलींच्या अध्यक्षतेखालील मंत्रिमंडळाला का वाटली, याचे उत्तर हा दावा करणाऱ्यांनी द्यायला हवे.