जर्सी एकच हवी

"खेळ माणसं जोडतो" हे वाक्य मला अर्धवट वाटतं. एका संघात खेळल्याने माणसं जोडली जातात. समोरासमोर खेळून ती जोडली जातातच असं नाही, कधीकधी तर आधीची तेढ आणखी पक्की होते. मी शाळेतल्या मुलींना बास्केटबॉल शिकवते, त्यामुळे हा फरक मला रोज दिसतो. पण आज लिहायचंय ते जेरुसलेमच्या मुलींबद्दल, कारण तिथे हा फरक जिवावरचा आहे.

पीसप्लेयर्स नावाची एक संस्था आहे. शॉन आणि ब्रेंडन टुई या दोन अमेरिकन भावांनी ती 2001 मध्ये सुरू केली. आधी दक्षिण आफ्रिका, मग उत्तर आयर्लंड, 2005 पासून इस्रायल-पॅलेस्टाईन, पुढे सायप्रस. जिथे दोन समाजांमध्ये रक्त सांडलंय तिथल्या मुलामुलींना एका संघात घालून बास्केटबॉल खेळवायचा, एवढंच मूळ काम. जेरुसलेममध्ये ज्यू आणि अरब मुलींचे मिश्र संघ एकत्र सराव करतात आणि इस्रायलच्या लीगमध्ये एकच जर्सी घालून उतरतात.

हे किती अवघड आहे ते कळायला आधी शहर समजून घ्यावं लागतं. पश्चिमेकडची ज्यू मुलगी हिब्रू शाळेत जाते, पूर्वेकडची पॅलेस्टिनी मुलगी अरबी शाळेत. दोघींच्या घरांमध्ये अंतर फार तर सात-आठ किलोमीटरचं, तरी बारावीपर्यंत एकमेकींशी एक वाक्यही न बोलता दोघी मोठ्या होऊ शकतात. पूर्व जेरुसलेममधल्या बहुतेक पॅलेस्टिनींकडे इस्रायलचं नागरिकत्व नाही. रहिवासाचा परवाना असतो आणि तो रद्दही होऊ शकतो. शुआफातची निर्वासित छावणी, कफ्र अकब या वस्त्या कागदोपत्री शहराच्या हद्दीत, पण इस्रायलने बांधलेल्या विभाजक भिंतीच्या पलीकडे. तिथल्या मुलीला शहरात सरावाला यायचं तर चेकपॉइंट, म्हणजे इस्रायली तपासणी नाका, ओलांडावा लागतो. शहर तापलं की रस्ते आधी तिच्यासाठी बंद होतात, तिच्या ज्यू सहखेळाडूसाठी नाही.

आणि तरी त्या येतात. का येत असतील, यावर मी बराच विचार केलाय. माझं उत्तर बास्केटबॉलच्या आतलंच आहे.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. तुम्ही समोरच्या खेळाडूला अडवत मागे मागे सरकताय, नजर तिच्यावर खिळलेली. तेवढ्यात त्यांची दुसरी खेळाडू तुमच्या पाठीमागे येऊन खांबासारखी उभी राहते. याला स्क्रीन म्हणतात. तुम्हाला ती दिसत नाही, दिसणं शक्यच नसतं. तुमच्या संघातली मुलगी मागून ओरडली तरच कळतं. ती ओरडली नाही तर तुम्ही सरळ त्या खांबासारख्या उभ्या खेळाडूवर आदळता, खांदा नाहीतर बरगडी शेकते आणि तोवर बास्केट झालेली असते. नव्या मुलींना शिकवताना मी सगळ्यात जास्त वेळ याच ओरडण्यावर घालवते. लाजतात बिचाऱ्या, आवाजच फुटत नाही. पण एकदा का "मागे आहे!" ही हाक वेळेवर मिळाली आणि आपण वाचलो, की हाक देणारी मुलगी आपली होते. हे बोलून होत नाही, समजावून तर नाहीच नाही.

आता हीच हाक जेरुसलेमच्या जिममध्ये ऐका. ओरडणारी ज्यू, वाचणारी पॅलेस्टिनी, दुसऱ्या मिनिटाला उलटं. हाक हिब्रूत असेल, अरबीत असेल, मोडक्या इंग्रजीत असेल, पण कोणाची आहे याचा विचार करायला वेळच नसतो. शरीर आधी वळतं. बंधुभावावरच्या शंभर व्याख्यानांनी जे होत नाही ते अशा वेळी होतं, असं मी अगदी जबाबदारीने म्हणते.

हे माझ्या भाबडेपणातून आलेलं नाही. यावर नीट अभ्यास झालाय. सलमा मूसा या संशोधिकेने उत्तर इराकमध्ये आयसिसच्या तावडीतून सुटून आलेल्या ख्रिश्चनांची फुटबॉल लीग घेतली. काही संघ पूर्ण ख्रिश्चन ठेवले, काहींमध्ये मुस्लिम खेळाडू घातले, कुठल्या संघात मुस्लिम खेळाडू येणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. निष्कर्ष 2020 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आले. मिश्र संघातले ख्रिश्चन खेळाडू नंतर मुस्लिमांबरोबर सराव करायला, पुढच्या हंगामात पुन्हा मिश्र संघात नाव घालायला जास्त तयार होते. सहा महिन्यांनीही हा फरक टिकून होता.

दुसरा अभ्यास तर आपल्याच देशातला. मॅट लोव यांनी उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या तरुणांच्या क्रिकेट लीग भरवल्या आणि 2021 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका संघात खेळलेल्यांमध्ये जातीपलीकडच्या मैत्री वाढल्या, आपल्याच जातीची बाजू घेणं कमी झालं. दुसऱ्या जातीच्या संघाविरुद्ध खेळण्याचा परिणाम मात्र बहुतांशी उलट दिसला. खेळ तोच, मैदान तेच, मुलंही तीच. आपण 'मैत्रीपूर्ण सामने' भरवतो, ह्या वस्तीचा संघ विरुद्ध त्या वस्तीचा, आणि वाटतं सलोखा झाला. तो होत नाही. भारत-पाकिस्तान सामन्याच्या रात्रीचे व्हॉट्सॲप ग्रुप आठवून बघा.

संघ काढून घेतला तर मैत्रीचं काय होतं, याचं उदाहरण युगोस्लाव्हियाचं आहे आणि ते मला फार लागतं. 1987 मध्ये इटलीत बोर्मिओला बास्केटबॉलचा ज्युनियर विश्वचषक झाला. युगोस्लाव्हियाच्या पोरांनी तिथे अमेरिकेला एकदा नाही, दोनदा हरवलं आणि सुवर्ण घेतलं. त्या संघात सर्बियाचे व्लादे दिवाच आणि अलेक्झांडर जॉर्जेविच होते, क्रोएशियाचे टोनी कुकोच आणि दिनो राजा होते. कोणी अठराचं, कोणी एकोणीस-वीसचं. मग देश फुटला. जून 1991 मध्ये रोमला युरोपियन स्पर्धा चालू असताना स्लोव्हेनियाने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि त्यांच्या युरे झ्दोव्हत्सला उपांत्य सामन्याआधी संघ सोडावा लागला. 1995 ला अथेन्समध्ये त्याच युरोपियन स्पर्धेत युगोस्लाव्हियाला (म्हणजे आता उरलेल्या सर्बिया-मॉन्टेनेग्रोला) सुवर्ण मिळालं, वेगळ्या झालेल्या क्रोएशियाला कांस्य. सुवर्ण घेणाऱ्यांत दिवाच आणि जॉर्जेविच, कांस्य घेणाऱ्यांत कुकोच आणि राजा. पदक गळ्यात पडल्यावर क्रोएशियाचा संघ पोडियमवरून उतरून निघून गेला. बोर्मिओनंतर जेमतेम आठ वर्षं झाली होती.

त्यांना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. क्रोएशियातल्या व्हुकोव्हारमध्ये काय झालं, बोस्नियातल्या वेढलेल्या साराजेव्होत काय चाललं होतं, ते मनात घेऊन ती माणसं तिथे उभी होती. पण एकाच जर्सीत ती मुलं भेटत होती तोवर वाद घालायला, रुसायला, पुन्हा बोलायला एक जागा होती. दोन जर्सी झाल्या आणि प्रत्येक भेट म्हणजे दोन देशांची गाठ झाली.

म्हणूनच युद्धाच्या काळात साध्या सरावाची किंमत मला एवढी वाटते. 2014 च्या उन्हाळ्यात तीन इस्रायली मुलांचं अपहरण करून खून झाला, मग शुआफातच्या सोळा वर्षांच्या मोहम्मद अबू खदैरला जिवंत जाळलं गेलं, पाठोपाठ गाझाचं युद्ध. 2021 मध्ये लोद शहर पेटलं. तिथे अरब आणि ज्यू शेजारी शेजारी राहतात. आपल्या कोकणातून गेलेले बेने इस्राएली ज्यू, घरात अजून मराठी बोलणारे, त्याच लोद-रामले भागात आहेत, त्यामुळे ती बातमी इथे अलिबागकडेही काळजीने ऐकली गेली असणार. आणि मग 7 ऑक्टोबर 2023. हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये एका दिवसात सुमारे 1,200 माणसं मारली गेली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्यानंतर गाझात हजारो मुलांसह अक्षरशः लाखोंच्या आयुष्याची राखरांगोळी झाली.

अशा वेळी पंधरा वर्षांच्या मुलीने पलीकडच्या मैत्रिणीला मेसेज करायचा का? केला तर काय लिहायचं? घरचे काय म्हणतील, वर्गातल्या मुली काय म्हणतील? नुसती मैत्री असेल तर दर वेळी हा निर्णय तिने एकटीने घ्यायचा. त्या वयात तो झेपत नाही, मोठ्यांनाही झेपत नाही. संघ असला की मात्र सरावाचा दिवस ठरलेला असतो. जायचं, बूट बांधायचे, उभं राहायचं. बोलायचं असेल तर बोला, रडायचं असेल तर रडा, नाहीतर लेअपच्या, म्हणजे धावत जाऊन बास्केट करायच्या सरावाच्या, रांगेत लागा. शब्द सुचत नसतानाही भेटता येईल अशी जागा युद्धात आणखी कुठे मिळणार?

"पण युद्ध थांबलं का?" हा प्रश्न लोक फेकतात तेव्हा मला संताप येतो. युद्ध सुरू करणारे, लांबवणारे सगळे मोठे लोक. ते थांबवायचा हिशोब मात्र नववीतल्या मुलींकडे मागायचा?

पॅलेस्टिनींकडून येणारा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेते. त्यांच्यातले अनेक जण म्हणतात की असे उपक्रम अन्यायाला नॉर्मल करून दाखवतात. जिममध्ये दोघी समान आणि बाहेर पडल्यावर एक घरी, एक चेकपॉइंटच्या रांगेत. हे खरं आहे. शिवाय अठरा वर्षं पूर्ण झाली की बहुतेक ज्यू मुलींना सक्तीने लष्करात जावं लागतं, आणि कालपर्यंत पास देणाऱ्या मैत्रिणीच्या अंगावर गणवेश चढतो. त्या दिवशी पॅलेस्टिनी मुलीच्या मनात काय होत असेल, ते कुठल्याही कोचला सोडवता येणार नाही. मूसांच्या अभ्यासातही हेच दिसलं होतं. मैदानावर बदललेले ते ख्रिश्चन खेळाडू मैदानाबाहेर, मुस्लिमबहुल मोसुलमधल्या हॉटेलात जेवायला जायला काही जास्त तयार झाले नव्हते. मैदानाबाहेरचा अन्याय कायद्याने आणि राजकारणानेच दूर करावा लागेल. पण म्हणून जिमला कुलूप लावा, हे मला कधीच पटणार नाही. त्या अन्यायाबद्दल ज्यू मुलीला जे काही कळतं ते बातम्यांमधून कमी आणि सरावाला उशिरा पोचलेल्या सहखेळाडूकडून जास्त कळत असणार.

आपल्याकडे युद्ध नाही, पण तुटलेल्या वस्त्या प्रत्येक गावात आहेत. शाळांचे क्रीडाशिक्षक, मंडळाचे कार्यकर्ते, नगरसेवक, जे कोणी हे वाचताय त्यांना माझी कळकळीची विनंती: या वर्षी कबड्डीची, क्रिकेटची स्पर्धा भरवाल तेव्हा आळीनिहाय, मोहल्लानिहाय संघ घेऊ नका. नावं एकत्र करून चिठ्ठ्या टाका. एका दिवसात उरकू नका, निदान दोन-तीन महिने सराव होऊ द्या, पोरांना एकत्र हरू द्या. आईवडिलांना आधी भेटा, मुलींच्या आईवडिलांना तर घरी जाऊन भेटा, परत सोडायची जबाबदारी घ्या. पहिले दोन आठवडे कोणी कोणाला पास देणार नाही. तरी संघ बदलू नका.