अनोळखी वक्त्याची ओळख मोठी हवी

संशोधन परिषदेच्या एका सत्रात पाच वक्ते असतात. एक ज्येष्ठ प्राध्यापक, एक पोस्टडॉक (पीएचडीनंतर संशोधन करणारा), दोघं पीएचडी करणारे आणि एक एमएस्सीच्या शेवटच्या वर्षातली मुलगी. सूत्रसंचालक 'सरांना परिचयाची गरज नाही' असं म्हणतात आणि पुढची चार मिनिटं परिचयच देतात: पदं, पुरस्कार, समित्या, परदेश दौरे. मुलीची पाळी येते तेव्हा घड्याळ पुढे गेलेलं असतं. मग 'ही आमची होतकरू विद्यार्थिनी' एवढ्यावर तिची बोळवण होते.

हे नेमकं उलटं व्हायला हवं. ज्यांना सगळं सभागृह ओळखतं त्यांचं नाव आणि विषय सांगितला की पुरे. ज्यांना कुणीच ओळखत नाही त्यांच्यासाठीच तर ओळख करून देणारा माणूस माइकसमोर उभा असतो ना?

यावर ठरलेलं उत्तर येतं: 'त्यांच्याबद्दल सांगणार काय? अजून काही मिळवलेलंच नाही.' अहो, प्रश्न सांगा की! हा माणूस कशाच्या मागे लागलाय आणि ते उलगडलं तर काय कळेल, हे सांगा. १९६७ साली जोसलिन बेल केंब्रिजमध्ये पीएचडी करत होत्या. रेडिओ दुर्बिणीच्या कागदी पट्ट्यांवर त्यांना एक विचित्र खूण दिसली. नीट तपासल्यावर कळलं की आकाशातून साधारण दर १.३ सेकंदांनी ठोका पडावा तसा संकेत येतोय. तो पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक अंतराने असे संकेत पाठवणारा तारा. बायोडेटा वाचून त्यांची ओळख करून दिली असती तर 'पीएचडीची विद्यार्थिनी' यापलीकडे वाक्य गेलं नसतं. 'हे ठोके कुठून येतायत ते या शोधतायत' म्हटलं असतं, तर शेवटच्या रांगेतलेही सावरून बसले असते. पत्रकारांनी तेव्हा विज्ञानाचे प्रश्न विचारले ते त्यांचे गाईड अँटनी ह्युइश यांना. बेलबाईंना विचारलं ते बॉयफ्रेंड किती आहेत. १९७४चं नोबेलही ह्युइश आणि मार्टिन राइल यांना मिळालं, पण तो वेगळ्या पोस्टचा विषय.

संबोधनाचंही तसंच. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयातल्या व्याख्यानांची चित्रमुद्रणं तपासून २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वक्ते सगळे डॉक्टरेट असलेले. पुरुषांनी पुरुष वक्त्याची ओळख करून देताना ७२.४ टक्के वेळा 'डॉक्टर' म्हटलं, स्त्री वक्त्याची करून देताना ४९.२ टक्के वेळा. ओळख करून देणाऱ्या बायका मात्र ९६.२ टक्के वेळा 'डॉक्टर' म्हणाल्या, समोर कुणीही असो. आपल्याकडे तर पदवी गाळायचीही गरज नाही, क्रियापदच काम उरकतं. 'सर मांडणार आहेत' आणि लगेच 'आता ती बोलेल'. व्यासपीठावर एकदा बोलावलं की सगळ्यांना अहो-जाहो. घरचं अरे-तुरे घरी.

'वेळ कुठे असतो' ही तक्रार मला पटत नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात २००८ साली 'थ्री मिनिट थीसिस' ही स्पर्धा सुरू झाली. तिथे पीएचडीवाले एका स्लाइडवर, तीन मिनिटांत अख्खा प्रबंध समजावतात. मग त्यातला प्रश्न सांगायला सूत्रसंचालकाला अर्धा मिनिट पुरायला हवा. फक्त आधी त्या व्यक्तीशी बोलावं लागतं. नावाचा उच्चार विचारावा लागतो. आणि निष्कर्ष आपणच सांगून मोकळं व्हायचं नाही. तो त्यांचा आहे.

एक खोड तर सगळ्यात वाईट. एकीचं काम बेडकांच्या आवाजावर, दुसऱ्याचं जुन्या न्यायालयीन कागदपत्रांवर, तिसऱ्याचं काँक्रीटच्या भेगांवर. आणि सूत्रसंचालक 'या सर्वांना जोडणारा समान धागा म्हणजे जिज्ञासा' म्हणून मोकळे. धागा नसेल तर नाही म्हणा. विषय वेगवेगळे आहेत, क्रम सोयीने लावलाय, असं सरळ सांगितलं तर कुणाचं काही बिघडत नाही. बेडूकवाली आणि काँक्रीटवाला यांना एकमेकांशी बोलण्यासारखं काही सापडलंच, तर ते मधल्या सुट्टीत बोलतील.