‘आधी मोबाइलवर रेकॉर्ड करा’ असं मी का सांगतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुम्ही वेळ काढून सविस्तर लिहिलंत, तेव्हा उत्तरही सविस्तरच द्यायला हवं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. सरांनी अनेक वर्षं ध्वनिमुद्रणाचं काम केलं आहे. पॉडकास्ट सुरू करणाऱ्यांसाठी मी जो लेख लिहिला, त्यावर त्यांचे दोन आक्षेप आहेत. पहिला असा की, ‘मोबाइलवर रेकॉर्ड करा’ असं सांगून मी नवख्यांना चुकीची सवय लावतो आहे. चांगला माइक आणि ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी) घ्यायची तयारी नसेल तर थांबावं, कानाला त्रास देणारे मराठी पॉडकास्ट आधीच पुष्कळ आहेत. दुसरा असा की, फीड (अ‍ॅप्सना भाग पुरवणारी यादी) आणि होस्टिंग (ऑडिओ फाइल इंटरनेटवर ठेवणारी सेवा) यांवर मी उगाच पानं खर्च केली. लोक यूट्यूबवर ऐकतात, तिथे टाकलं की काम झालं.

कानाला त्रास देणारे पॉडकास्ट पुष्कळ आहेत, हे अगदी मान्य. पण तो त्रास नेमका कशाचा असतो, ते एकदा लक्ष देऊन ऐका. बहुतेक वेळा तो खोलीचा असतो. आपल्या घरांत विटांच्या भिंती, वर गुळगुळीत प्लास्टर, खाली टाइल्स आणि एका बाजूला काचेची सरकती खिडकी. अशा हॉलमध्ये टेबलावर भारी कंडेन्सर माइक (बारीक आवाजही टिपणारा प्रकार) ठेवून दोन हात लांबून बोललं, की तो माइक आपलं काम चोख करतो: आवाज टिपतो, भिंतींवरून परत येणारा घुमाराही टिपतो, शिवाय स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी आणि खालच्या गल्लीतला हॉर्नही. माइक जितका संवेदनशील, तितकं हे सगळं स्पष्ट. एका कार्यशाळेत आम्ही हे करून पाहिलं. एकीनं नवाकोरा यूएसबी कंडेन्सर आणला होता, तो हॉलच्या मधोमध ठेवला. मग तिचाच साधा फोन घेऊन ती आतल्या खोलीत, साड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर बसली, मागच्या बाजूला दोरीवर गोधडी टाकली आणि तोच उतारा वाचला. हेडफोन लावून दोन्ही ऐकल्यावर कुणाला विचारावंच लागलं नाही.

कारण साधं आहे आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर दुप्पट केलं की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलनं खाली जातो. खोलीचा घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून मी नवख्याला आधी अंतर शिकवतो. फोन तोंडापासून एक वीत, त्याहून लांब नाही. आणि सरळ समोर नको, ओठांच्या कोपऱ्याच्या रेषेत थोडा बाजूला. तोंडासमोर तळहात धरून ‘भाऊ’, ‘फार’, ‘पाऊस’ म्हणून बघा, हवेचा झोत हाताला लागतो. मराठीत असे ओठांनी उच्चारायचे वर्ण पावलोपावली येतात आणि माइक समोर असला की प्रत्येक ‘भ’ला धप्प आवाज येतो. पॉप फिल्टर, म्हणजे माइकसमोर लावायची जाळी, नसला तरी फोन तिरका धरून हे बऱ्यापैकी टळतं.

पंख्याचं वेगळं. तो एकसारखा वाजतो, त्यामुळे ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीच्या काही सेकंदांच्या शांततेचा नमुना देऊन तो आवाज कमी करता येतो. तरी मी पंखा बंद करायलाच सांगतो, मे महिन्यातसुद्धा. दहा मिनिटं बोलावं, थांबावं, घाम पुसावा, परत बसावं. नॉइज रिडक्शनचा जोर वाढवला की आवाज पाण्याखालून बोलल्यासारखा होतो, आणि घुमारा तर त्या पद्धतीनं जातच नाही, कारण तो बोलण्यातच मिसळलेला असतो.

फोनवर रेकॉर्ड करा असं म्हणताना मी काही अटी घातल्या होत्या, त्या तुमच्या प्रतिक्रियेत आल्या नाहीत म्हणून पुन्हा लिहितो. फोन एरोप्लेन मोडवर हवा. ब्लूटूथ इअरफोनच्या माइकवर कधीच रेकॉर्ड करू नये. तो माइक चालू झाला की जोडणी सहसा फोनकॉलच्या दर्जावर उतरते आणि आवाज डबक्यात गेल्यासारखा बसका होतो. पाहुणा दुसऱ्या गावी असेल तर कॉल रेकॉर्ड करण्यापेक्षा बोलणं दुसऱ्या फोनवर किंवा लॅपटॉपवर चालू ठेवून दोघांनी आपापल्या फोनवर आपापला आवाज रेकॉर्ड करावा. सुरुवातीला एकदा टाळी वाजवली की नंतर दोन्ही ट्रॅक जुळवणं सोपं जातं. पाहुण्यानं फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. एवढं केलं तर मिळणारा आवाज तुमच्या कानांनाही चालेल, असं मला मनापासून वाटतं.

आवाजाची पातळी भागागणिक बदलते, ऐकणाऱ्याला सारखा हात व्हॉल्यूमकडे न्यावा लागतो, हे तुमचं निरीक्षण मात्र शंभर टक्के बरोबर आहे आणि याला पैसेही लागत नाहीत. अ‍ॅपल पॉडकास्ट उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) आसपास पातळी ठेवायला सांगतं, स्पॉटिफाय उणे १४. ऑडॅसिटीत लाउडनेस नॉर्मलायझेशन हा इफेक्ट आहे, त्यात उणे १६ टाकून प्रत्येक भाग निर्यात करावा. एकट्याचं बोलणं असेल तर ६४ केबीपीएसची (सेकंदाला ६४ किलोबिट) मोनो, म्हणजे एकाच चॅनेलची, एमपी३ पुरते. तासाभराचा भाग साधारण २९ एमबी होतो. मोबाइल डेटावर ऐकणाऱ्यांसाठी हा हिशोब महत्त्वाचा आहे.

आता ‘तयारी नसेल तर थांबावं’ या वाक्याबद्दल. हे मला खरंच पटत नाही. आजीच्या तोंडच्या अहिराणी गोष्टी, मालवणीतली गाऱ्हाणी, वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचं त्याच्या बोलीतलं बोलणं, हे आवाज स्टुडिओत येणार नाहीत. माइकसाठी पैसे जमेपर्यंत आजी थांबेल याचीही शाश्वती नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या कितीतरी गाणाऱ्या बायकांच्या आवाजात जतन झाल्या. त्या ऐकताना खोलीचा दर्जा आपण तपासत बसत नाही. चांगला आवाज हवाच, त्यासाठी एवढं सगळं लिहिलं. पण तो सुरू करण्याची अट असू नये. वर्षभर नियमित भाग काढलेल्यानं मग खुशाल एक्सएलआर माइक (ऑडिओ इंटरफेसला तीन पिनांच्या केबलनं जोडायचा) घ्यावा. तोही आपल्या खोल्यांसाठी डायनॅमिक घ्यावा, कारण तो जवळून बोलायला लावतो आणि खोली कमी टिपतो.

फीडचा मुद्दा. यूट्यूबवर टाकायला माझा विरोध नाही, जरूर टाका. पण फक्त तिथेच टाकलं तर श्रोते तुमचे नसतात, त्या मंचाचे असतात. आरएसएस फीड म्हणजे एक साधी यादी: भागाचं नाव, तारीख, वर्णन आणि ऑडिओ फाइल कुठे आहे तो पत्ता. अ‍ॅपल पॉडकास्ट, पॉकेट कास्ट्स, अँटेनापॉड ही अ‍ॅप्स ती यादी वाचतात. अ‍ॅपलनं २००५ साली आयट्यून्समध्ये पॉडकास्ट आणले, तेव्हापासून अ‍ॅप्स आली आणि गेली. गूगल पॉडकास्ट २०२४ मध्ये बंद झालं. ज्यांची फीड स्वतःच्या होस्टकडे होती त्यांचा एकही भाग हरवला नाही, श्रोते दुसऱ्या अ‍ॅपमध्ये तीच फीड जोडून ऐकत राहिले. शिवाय आता यूट्यूबही आरएसएस फीडवरून भाग घेतं, त्यामुळे हे किंवा ते अशी निवड करावीच लागत नाही.

म्हणूनच होस्ट निवडताना मी एकच प्रश्न विचारायला सांगतो: उद्या मी सोडून गेलो तर जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर कायमचं रीडायरेक्ट द्याल का, म्हणजे जुना पत्ता उघडणाऱ्याला आपोआप नव्या पत्त्यावर पाठवाल का? फुकट असो वा पैशांचा, ‘नाही’ असं उत्तर आलं तर तिथे सुरुवात करू नये. आणि फीडच्या भाषेच्या रकान्यात मराठी निवडावं, इंग्रजी तसंच राहू देऊ नये.

पार्श्वसंगीताबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, त्यात आपलं एकमत आहे. सिनेगीताचे ‘फक्त काही सेकंद’ वापरले तर चालतात, असा कोणताही नियम कायद्यात नाही.

तुमच्या प्रतिक्रियेतली कंप्रेसरबद्दलची (मोठे आवाज दाबून पातळी सारखी करणारं साधन) चार वाक्यं मला सगळ्यात आवडली. कुजबुज आणि हसणं एकाच भागात असेल तर थ्रेशोल्ड (कोणत्या पातळीपासून दाबायचं) आणि रेशो (किती दाबायचं) किती ठेवायचा, हे मराठीत नीट समजावून सांगितलेलं माझ्या पाहण्यात नाही. तुम्ही ते उदाहरणासकट लिहून दिलंत तर तुमच्या नावानिशी स्वतंत्र लेख म्हणून इथेच टाकतो. उदाहरणासाठी फोनवर रेकॉर्ड केलेली, काहीही न केलेली फाइल हवी असेल तर मेल करा, कार्यशाळेतल्या त्या उताऱ्याची मूळ डब्ल्यूएव्ही (न दाबलेली ऑडिओ फाइल) माझ्याकडे आहे.